चित्रप्रदर्शन पाहावे कसे?

काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांची चित्रे मांडण्याचे काम मजकडे आले होते. दिवस थोडे, भिंती अपुऱ्या आणि चित्रे पुष्कळ, अशी स्थिती होती. तेव्हा जी चित्रे मला स्वतःला नीटनेटकी वाटली ती मी सभागृहाच्या मधल्या भिंतीवर लाविली व उरलेली जिन्याखाली आणि दारामागे टांगिली. संध्याकाळी एका विद्यार्थ्याचे वडील कामावरून सुटून थेट शाळेत आले. त्यांनी सगळ्या भिंती दोनदा पाहिल्या, आणि मग मजजवळ येऊन नम्रपणे विचारले, "मास्तर, आमच्या मुलाचं चित्र लावलंच नाही का?" चित्र लाविलेले होते, परंतु दार सताड उघडे असल्यामुळे ते त्यामागे झाकले गेले होते. मी दार लोटून ते त्यांस दाखविले. ते क्षणभर पाहत राहिले, "बरं आहे," एवढेच म्हणाले, आणि निघून गेले. त्या मुलाने पुढील वर्षी प्रदर्शनासाठी चित्र दिले नाही.

चित्राची जागा ठरविणे हे खिळा व हातोडी ह्यांचे काम आहे अशी तोपर्यंत माझी समजूत होती. त्या दिवशी मला कळून आले की, चित्र काढणारा जितका बोलतो तितकेच चित्र टांगणाराही बोलत असतो. आणि प्रेक्षकास हे दुसरे बोलणे ऐकू येत नाही, म्हणूनच ते अधिक प्रभावी होते. ह्या लेखात त्या दुसऱ्या बोलण्याविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत. त्यासाठी युरोपातील तीन प्रदर्शनांची हकीगत पाहू. त्यांपैकी एका प्रदर्शनात तर चित्रे केवळ अपमान करण्यासाठीच मांडिली होती.

प्रथम एका शब्दाची ओळख करून घेऊ. मोठ्या संग्रहालयांतून व कलादालनांतून चित्रांची निवड करणारा, ती कोणत्या क्रमाने मांडावयाची हे ठरविणारा आणि त्यांजविषयी माहिती लिहिणारा जो अधिकारी असतो त्यास 'क्युरेटर' असे म्हणतात. हा शब्द लॅटिन भाषेतील 'काळजी वाहणे' ह्या अर्थाच्या धातूपासून आला आहे. इंग्लंडातील देवळांत धर्मोपदेशकाच्या मदतनिसास 'क्युरेट' म्हणतात, तो शब्दही ह्याच घराण्यातला. एकाने माणसांच्या आत्म्याची काळजी वाहावयाची, दुसऱ्याने वस्तूंची. प्रारंभी क्युरेटर म्हणजे केवळ संग्रहाचा रक्षक असे. परंतु विसाव्या शतकात त्याचे काम फार वाढले. कोणते चित्र आत यावे, कोणते बाहेर राहावे, कोणापाशी कोणी बसावे, हे सर्व तो ठरवू लागला. वर्गात कोणास कोणत्या बाकावर बसवावे हे ठरविणाऱ्या शिक्षकासारखेच हे काम आहे. त्यात न्यायही घडतो व अन्यायही घडतो.

आता पहिल्या प्रदर्शनाकडे वळू. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सची राजधानी पॅरिस येथे 'सलोन' नावाचे सरकारमान्य चित्रप्रदर्शन भरत असे. त्यात चित्र लागले तर चित्रकारास गिऱ्हाईक मिळे, न लागले तर त्याच्या पोटावर पाय येई. निवड एक परीक्षकमंडळ करीत असे. १८६३ साली ह्या मंडळाने आलेल्या कृतींपैकी निम्म्याहून अधिक परत केल्या, तेव्हा चित्रकारांनी मोठा ओरडा केला. त्यावर सम्राट तिसरा नेपोलियन ह्याने असा तोडगा काढिला की, नाकारलेली चित्रे शेजारीच निराळी मांडावीत व लोकांनी स्वतःच निर्णय करावा. हेच ते 'नाकारलेल्यांचे प्रदर्शन' होय. लोकांनी तेथे गर्दी केली ती बहुधा हसण्यासाठी. एदुआर मानेचे गवतावरील वनभोजनाचे चित्र पाहून तर हसण्यास व रागास ऊत आला. तेच चित्र आज पॅरिसमधील ओर्से संग्रहालयाचे भूषण मानिले जाते.

ह्यावरून कोणी म्हणेल की, लोक ज्यास हसतात ते पुढे थोर ठरते. हे अनुमान बरोबर नव्हे. ज्यांना लोक हसले अशी कितीतरी चित्रे खरोखरच सामान्य होती आणि ती विसरली गेली. ह्या हकीगतीतून घ्यावयाचे ते इतकेच की, परीक्षकमंडळ चुकू शकते व जमावही चुकू शकतो. परंतु चित्र भिंतीवर राहिले तर ती चूक पुढे दुरुस्त होण्यास जागा उरते. चित्रच नाहीसे झाले म्हणजे दुरुस्ती कशाची करणार? ही गोष्ट ध्यानात ठेवून दुसऱ्या प्रदर्शनाकडे चला.

हे प्रदर्शन जर्मनीतील म्युनिच शहरी १९३७ साली भरले. त्या वेळी तेथे हिटलर व त्याचा नाझी पक्ष ह्यांची सत्ता होती. हिटलर तरुणपणी चित्रकार होऊ इच्छित होता. व्हिएन्नाच्या कला अकादमीने त्यास १९०७ व १९०८ अशी दोन वर्षे प्रवेश नाकारिला होता. सत्ता हाती येताच कोणती कला जर्मन व कोणती नव्हे हे आपणच ठरविणार असे त्याने जाहीर केले. १८ जुलै १९३७ रोजी म्युनिच येथे त्याने एका नव्या भव्य कलामंदिराचे उद्घाटन केले. तेथे 'थोर जर्मन कलाप्रदर्शन' मांडिले होते. उंच दालने, भरपूर उजेड, प्रत्येक चित्राभोवती मोकळी जागा. आणि चित्रांत सुदृढ शेतकरी, सैनिक, पुतळ्यांसारखी घडीव शरीरे. ही मान्य कला.

दुसऱ्याच दिवशी, म्हणजे १९ जुलैला, तेथून थोड्याच अंतरावर दुसरे प्रदर्शन उघडले. त्याचे नाव 'एन्टार्टेटे कुन्स्ट', म्हणजे 'अधःपतित कला'. त्यासाठी आडोल्फ त्सिग्लर नावाच्या अधिकारी चित्रकाराने एक समिती घेऊन जर्मनीतील सरकारी संग्रहालये धुंडाळली होती. प्रचारमंत्री गोबेल्स ह्याचा हुकूम ३० जूनला निघाला आणि तीन आठवड्यांच्या आत बत्तीस संग्रहालयांतून शेकडो कृती म्युनिचला आणून टांगिल्या गेल्या. सुमारे ६५० कृती तेथे होत्या व त्या ११२ कलावंतांच्या होत्या. पाउल क्ले, कांडिन्स्की, माक्स बेकमान, किर्श्नर, नोल्डे, अशी आज जगभर मानाने घेतली जाणारी नावे त्यांत होती. हे सारे ज्यूंचे कारस्थान आहे असा प्रचार केला जात होता. पण त्या ११२ जणांपैकी ज्यू अवघे सहा होते.

आता ही चित्रे मांडिली कशी ते बारकाईने पाहा, कारण आपला धडा त्यातच आहे. पहिली युक्ती जागेची. अरुंद व काळोखी दालने मुद्दाम निवडिली. चित्रे एकमेकांस चिकटून, काही चौकटींवाचून, काही वाकडी अशी टांगिली. सुंदर साडीदेखील चुरगळून कोपऱ्यात फेकिली तर चिंधीसारखी दिसते, तसाच हा प्रकार होता.

दुसरी युक्ती शब्दांची. चित्रांच्या वर व खाली भिंतीवरच मोठ्या अक्षरांत उपहासाची वाक्ये लिहिली होती. प्रेक्षकाने चित्र पाहण्यापूर्वी त्यास काय वाटले पाहिजे हे आधीच सांगून ठेविले होते. डोळे चित्राकडे जाण्याआधी मन ठरलेले असावे, अशी ती योजना होती.

तिसरी युक्ती आकड्यांची. अनेक कृतींखाली संग्रहालयाने त्या किती मार्कांस घेतल्या हे लिहून, हा पैसा कष्टकरी जनतेच्या करांतून गेला असे सांगितले होते. वाचणाऱ्याचा संताप होई. परंतु त्यांपैकी कित्येक किंमती महागाईच्या काळातील होत्या. १९२३ च्या अखेरीस जर्मन नाणे इतके कोसळले होते की, एका पावास अब्जावधी मार्क मोजावे लागत. तेव्हा लक्षावधी मार्कांस घेतलेले चित्र वस्तुतः किती स्वस्त असेल ह्याचा हिशेब तुम्ही गणिताच्या तासाला करून पाहू शकाल. लिहिलेला आकडा खरा होता. पण साल लपविल्यामुळे त्याने खोटी साक्ष दिली. खऱ्या आकड्याने खोटे कसे बोलता येते ह्याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

चौथी युक्ती तुलनेची. प्रदर्शनाच्या माहितीपुस्तिकेत ह्या कलावंतांच्या कृतींशेजारी मनोरुग्णांनी काढिलेली चित्रे छापून, दोहोंत फरक तो काय, असे वाचकास विचारिले होते. ह्या थट्टेचा शेवट कोठे झाला तेही ऐका. ज्या राजवटीने रुग्णांच्या चित्रांस हसावयास शिकविले, तिनेच दोन वर्षांनी, १९३९ पासून, मनोरुग्णांस व अपंगांस इस्पितळांतून नेऊन मारण्यास आरंभ केला; १९४१ च्या ऑगस्टपर्यंत सत्तर हजारांहून अधिक माणसे अशी मारली गेली. प्रदर्शनामुळेच हे घडले असे मी म्हणत नाही. परंतु माणसाविषयीचा आदर ज्या मनातून काढून टाकिला आहे त्या मनास पुढची पायरी कठीण वाटत नाही.

आपल्यासारख्या ख्रिस्ती शाळेतील वाचकांस आणखी एका गोष्टीचे विशेष वाटेल. ह्या प्रदर्शनात जिना चढून जाताच प्रथम दिसे तो क्रूसावरील येशूचा लाकडी पुतळा. लुडविग गीस ह्या शिल्पकाराने तो घडविला होता व पूर्वी तो ल्यूबेक येथील कॅथीड्रलात होता. देह पिळवटलेला, यातनांनी वाकडा झालेला, असे ते शिल्प होते. पहिल्या दालनातही धार्मिक चित्रेच होती. एमिल नोल्डे ह्याने १९११–१२ मध्ये काढिलेले ख्रिस्तचरित्राचे नऊ भागांचे मोठे चित्र तेथे टांगिले होते. ही सारी ईश्वराची विटंबना आहे असे भिंतीवर लिहिले होते. म्हणजे ज्यांना धर्माची चाड नव्हती त्यांनी धर्माच्या नावाने भाविकांचा राग चेतविला. तो राग खोटा नव्हता. परंतु तो दुसऱ्याच्या कामास जुंपला गेला. कोणी आपल्या श्रद्धेच्या नावाने आपणास रागावण्यास बोलावू लागला म्हणजे त्याचा हेतू आधी विचारावा, हे ह्यावरून शिकण्याजोगे आहे.

फ्रान्झ मार्क ह्या चित्रकाराची गोष्ट तर मनास चटका लावणारी आहे. त्याचे निळ्या घोड्यांचे प्रसिद्ध चित्र ह्या प्रदर्शनात प्रथम लाविले होते. परंतु मार्क हा पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढता लढता १९१६ मध्ये व्हर्दूनजवळ पडला होता. जुन्या सैनिकी अधिकाऱ्यांच्या संघाने हरकत घेतली आणि ते चित्र काढून घ्यावे लागले. देशासाठी प्राण देणारा 'अधःपतित' कसा, ह्या प्रश्नास आयोजकांपाशी उत्तर नव्हते. ते चित्र युद्धानंतर आजतागायत सापडलेले नाही.

प्रवेशास पैसे नव्हते, आणि मुलांस आत सोडीत नसत. त्यामुळे प्रदर्शन फारच भयंकर असले पाहिजे अशी लोकांची उत्कंठा वाढे. ३० नोव्हेंबरपर्यंत वीस लाखांहून अधिक लोक ते पाहून गेले. शेजारच्या मान्य प्रदर्शनास त्याच्या मानाने फारच थोडे आले. बहुतेक हसण्यास व संतापण्यास आले होते. परंतु आपल्या आवडत्या चित्रांचा शेवटचा निरोप घेण्यास मूकपणे येऊन गेलेले लोकही होते. पुढे हे प्रदर्शन १९४१ पर्यंत जर्मनी व ऑस्ट्रियातील इतर शहरांतून फिरविण्यात आले.

चित्रांचे पुढे काय झाले? संग्रहालयांतून एकंदर सोळा हजारांहून अधिक कृती काढून घेतल्या गेल्या. मे १९३८ च्या कायद्याने ही जप्ती मोबदल्यावाचून पक्की करण्यात आली. निवडक १२५ कृती ३० जून १९३९ रोजी स्वित्झर्लंडमधील लुत्सर्न येथे लिलावात काढिल्या. जी कला घाणेरडी म्हणून फेकिली तिचेच परकीय चलन मात्र हवे होते! आणि माणसांचे काय झाले? बेकमान देश सोडून ॲमस्टरडॅमला गेला. ज्याच्या सहाशेहून अधिक कृती जप्त झाल्या तो किर्श्नर स्वित्झर्लंडमध्ये दावोस येथे राहत होता. खचून जाऊन जून १९३८ मध्ये त्याने आपल्या जीवनाचा अंत करून घेतला. ओटो फ्रॉइंडलिश ह्या ज्यू शिल्पकाराच्या एका मस्तकाकृतीचे छायाचित्र वर सांगितलेल्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर छापिले होते. त्यास १९४३ मध्ये फ्रान्समधून पोलंडमधील मृत्युछावणीत नेऊन मारण्यात आले.

आता तिसरे प्रदर्शन. कासेल हे जर्मनीच्या मध्यभागातील शहर ऑक्टोबर १९४३ मधील विमानहल्ल्यात बेचिराख झाले होते. तेथे 'फ्रिडेरिसियानुम' नावाची इमारत आहे. १७७९ मध्ये ती संग्रहालय म्हणून बांधून झाली आणि सर्वसामान्यांस खुल्या अशा युरोपातील आरंभीच्या संग्रहालयांत तिची गणना होते. युद्धात तिच्या केवळ भिंती उरल्या. कासेलचाच रहिवासी आर्नोल्ड बोडे हा चित्रकार व शिक्षक होता. नाझी सत्तेवर येताच १९३३ मध्ये त्याची नोकरी गेली होती. ह्या अर्धवट दुरुस्त इमारतीत, ज्या कलेस बारा वर्षे हिणविले गेले तीच सन्मानाने मांडावी, असे त्याने मनात घेतले. जुलै १९५५ मध्ये ते प्रदर्शन उघडले. त्याचे नाव 'डॉक्युमेंटा'.

बोडेने पैशाच्या अभावाचाच उपयोग करून घेतला. विटांच्या उघड्या भिंतींस चुना दिला, खिडक्यांवर साध्या प्लास्टिकचे पडदे सोडिले, काही चित्रे भिंतीपासून पुढे आणून सडपातळ लोखंडी आधारांवर अशी उभी केली की, ती जणू प्रेक्षकास सामोरी येत आहेत. म्युनिचला ज्या युक्त्यांनी चित्रांस खाली पाहावयास लाविले, त्याच युक्त्या, म्हणजे जागा, उजेड, अंतर व शब्द, येथे त्यांस मान देण्यासाठी वापरिल्या. सुमारे १,३०,००० लोक ते पाहून गेले. तेव्हापासून हे प्रदर्शन काही वर्षांच्या अंतराने भरत आले आहे. पंधरावे २०२२ मध्ये झाले.

गोष्ट येथेच संपविली असती तर गोड झाली असती. परंतु ती खरी झाली नसती. निवडीच्या कामी बोडेचा मुख्य सल्लागार वेर्नर हाफ्टमान नावाचा कलेतिहासकार होता. तो १९३७ पासून नाझी पक्षाचा सभासद होता, ही गोष्ट अलीकडच्या संशोधनाने उजेडात आली. बर्लिनच्या जर्मन इतिहास संग्रहालयाने २०२१ मध्ये ह्या विषयावर स्वतंत्र प्रदर्शनच मांडिले. त्यात दिसून आले की, १९५५ च्या त्या गौरवप्रदर्शनात छळ झालेल्या चित्रकारांस स्थान मिळाले, पण नाझींनी ज्यांचा जीव घेतला त्या ज्यू कलावंतांस मिळाले नाही. जिवंतांस खुर्ची दिली, मेलेल्यांस उंबऱ्याबाहेरच ठेविले. चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंतीवरही काही नावे दारामागेच राहिली.

नोल्डेचेही तसेच. त्याच्या हजाराहून अधिक कृती जप्त झाल्या आणि १९४१ मध्ये त्यास व्यवसायबंदी झाली, हे खरे. त्यामुळे युद्धानंतर तो छळाचा बळी म्हणून सर्वत्र वाखाणला गेला. परंतु तो स्वतः नाझी पक्षाचा सभासद होता व ज्यूंचा द्वेष करीत होता. २०१९ मध्ये बर्लिन येथील एका प्रदर्शनाने त्याच्या पत्रांच्या व कागदपत्रांच्या आधारे हे सविस्तर लोकांपुढे ठेविले. त्याच वर्षी जर्मनीच्या तत्कालीन चॅन्सेलर आंगेला मेर्केल ह्यांनी आपल्या कार्यालयातील नोल्डेची दोन चित्रे परत पाठविली. माणूस छळला गेला म्हणून तो निर्दोष ठरत नाही, आणि त्याचा दोष कळला म्हणून त्याचा झालेला छळ न्याय्य ठरत नाही. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी मनात धरणे कठीण आहे. परंतु शिक्षण म्हणजे तरी दुसरे काय?

आजचे क्युरेटर व कलावंत जेव्हा प्रदर्शनांविषयी चर्चा करतात तेव्हा त्यांच्यापुढे असेच प्रश्न असतात. अपमानासाठी मांडिलेली चित्रे पुन्हा मांडावयाची असतील तर कशी मांडावी? १९९१ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे स्टेफनी बॅरन ह्या क्युरेटरबाईंनी म्युनिचमधील त्या प्रदर्शनातील शिल्लक कृती शोधून काढून पुन्हा एकत्र आणिल्या. त्यांनी चित्रे सन्मानाने टांगिली, आणि मूळ प्रदर्शन कसे होते हे मात्र निराळ्या साधनांनी दाखविले. म्हणजे अपमानाची माहिती द्यावयाची, पण अपमान पुन्हा करावयाचा नाही. २०२२ च्या डॉक्युमेंटात निराळाच पेच उभा राहिला. त्या वर्षी संयोजन एका व्यक्तीकडे नसून इंडोनेशियातील 'रुआंग्रुपा' ह्या कलावंतमंडळाकडे होते. तेथे लाविलेल्या एका प्रचंड चित्रफलकात ज्यूंची निंदा करणाऱ्या आकृती आढळल्या. प्रथम तो झाकला गेला व मग उतरविला गेला. आधी कोणी पाहिले होते, उत्तर कोणी द्यावयाचे, ह्यावर फार मोठा वाद झाला. निवड पुष्कळांनी मिळून केली म्हणजे जबाबदारी वाटली जाते. ती नाहीशी होत नाही.

ह्या दूरच्या हकीगतीशी आपला काय संबंध, असे पालकांपैकी कोणी विचारतील. संबंध आहे, आणि तो आपल्या मुंबईशीच आहे. हिटलरच्या जाचामुळे जे लोक देशोधडीस लागले त्यांपैकी काही मुंबईस आले. रुडी फॉन लायडन १९३३ मध्ये आले व पुढे कलासमीक्षक म्हणून नावाजले. व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर हे १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळल्यानंतर आले व टाइम्स ऑफ इंडियात कलासंचालक झाले. इमॅन्युएल श्लेसिंगर हे तिसरे. त्यांनी तरुण चित्रकारांची चित्रे विकत घेतली. लँगहॅमर ह्यांच्या नेपियन सी रोडवरील घरी आपल्याकडील तरुण चित्रकार जमत व युरोपातील नव्या चित्रांच्या प्रतिकृती पाहत. म्युनिचमध्ये जे भिंतीवर टांगून हिणविले जात होते, तेच मुंबईतील एका घरी टेबलावर मांडून आदराने समजावून दिले जात होते.

ह्या मंडळीचे उत्तेजन ज्यांना लाभले त्यांत साळगाव–गोव्याचे फ्रान्सिस न्यूटन सूझा, पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन, अमरावती जिल्ह्यातील हरी अंबादास गाडे, मध्यप्रांतातील सैयद हैदर रझा, बडोद्याचे सदानंद बाकरे आणि मोटारी धुऊन पोट भरणारे कृष्णाजी हौळाजी आरा हे होते. ह्या सहाजणांनी १९४७ मध्ये 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' स्थापन केला व १९४९ मध्ये मुंबईत आपले प्रदर्शन भरविले. आज त्यांची चित्रे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. आरांच्या हातातील मोटारीचे फडके पाहून कोणी त्यांस दारामागेच ठेविले असते तर? लायडन ह्यांनी तसे केले नाही. त्यांनी आधी चित्र पाहिले.

असो. आता पुढील सुटीत आईवडिलांसह एखाद्या कलादालनात जाल तेव्हा चार गोष्टी करा. पहिली, चित्राखालची चिठ्ठी वाचण्यापूर्वी चित्राकडे निदान पाच मिनिटे पाहा. दुसरी, चित्र कोठे टांगिले आहे, उजेड कसा आहे, शेजारी कोण आहे हे पाहून स्वतःस विचारा की, येथे मला काय वाटावे अशी टांगणाऱ्याची इच्छा आहे. तिसरी, येथे काय नाही व कोण नाही ह्याचा विचार करा. चौथी, हसू आले तर हसण्यास हरकत नाही. परंतु आपण एकटे असतो तरी हसलो असतो काय, की शेजारचा हसला म्हणून हसलो, हे तपासा. चित्र आवडलेच पाहिजे असा नियम नाही. न आवडलेले चित्र न आवडण्याचे कारण स्वतःच्या शब्दांत सांगता आले म्हणजे पाहणे सार्थकी लागले.

दारामागे टांगलेल्या त्या चित्राविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्यात एक बाई कंदील घेऊन रेल्वेच्या फाटकापाशी उभी होती. हात शरीराच्या मानाने फार लांब होता, आणि म्हणूनच मी ते मागे लाविले होते. आज मला वाटते की, कंदील दूरवर दिसावा म्हणूनच तो हात लांब झाला असेल. ते मी त्या मुलास तेव्हा विचारावयास पाहिजे होते. यंदापासून स्नेहसंमेलनातील चित्रांची मांडणी मी एकट्याने करणार नाही. वरच्या वर्गांतील पाच विद्यार्थी व विद्यार्थिनी ती करतील, प्रत्येक चित्र काढणाऱ्याशी आधी बोलतील आणि जागेचे कारण लेखी देतील. कोणाच्या आईवडिलांस आपल्या मुलाचे चित्र शोधावे लागले, तर त्याचे उत्तर मात्र मीच देईन.

अभ्यासासाठी प्रश्न

१. म्युनिच येथील प्रदर्शनात चित्रांचा अपमान करण्यासाठी कोणत्या चार युक्त्या वापरिल्या? त्यांपैकी कोणती तुम्हांस सर्वांत घातक वाटते व का?

२. आकडा खरा असूनही त्याने खोटी समजूत कशी करून देता येते? वर्तमानपत्रातील एखादे उदाहरण शोधा.

३. कासेल येथील प्रदर्शनाने कोणता अन्याय दूर केला व कोणता तसाच ठेविला?

४. तुमच्या घरच्या भिंतीवर कोणकोणती चित्रे वा छायाचित्रे आहेत? ती कोणी निवडिली, आणि कोणाचे छायाचित्र तेथे नाही? घरातील वडील मंडळींस विचारून दहा ओळी लिहा.